पाण्याचा हिशेब मांडणारा अभियंता : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

उस्मानसागर आणि हिमायतसागर ही नावे हैदराबादेत वाढलेल्या प्रत्येक मुलाच्या परिचयाची असतात. शाळेच्या सहली तेथे जातात, पाऊसकाळात तेथील पाण्याची पातळी वर्तमानपत्रांत रोज छापून येते. परंतु हे दोन्ही जलाशय एका भीषण आपत्तीतून जन्मास आले आणि ज्यांच्या अहवालावरून ते उभे राहिले, त्या अभियंत्याचे व्यावसायिक शिक्षण पुण्यात झाले होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. दख्खनच्या या नगरीत मराठी शाळेचा हीरक महोत्सव साजरा होत असताना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे चरित्र स्मरणे म्हणूनच उचित वाटते.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यात, १५ सप्टेंबर रोजी झाला. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. घरची स्थिती बेताची. पितृछत्र लवकर हरपले. मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. ची पदवी मिळवली. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात दाखल झाले. १८८३ साली तेथील स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते प्रथम आले आणि पुढील वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले.

आरंभीची त्यांची वर्षे नाशिक आणि खानदेशात गेली. पांझरा नदीच्या खोऱ्यात त्यांनी काम केले. या नदीवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत नांदत होती. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, दरवर्षी पिकांची फेरपालट करायची आणि पाटकऱ्याने ठरल्या क्रमाने पाणी द्यायचे, अशी ती गावकऱ्यांनीच सांभाळलेली व्यवस्था होती. विश्वेश्वरय्यांनी पुढे आखलेल्या योजनेशी तिचे असलेले साम्य विचार करण्याजोगे आहे. पुढे सिंधमधील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे आले. सिंधूचे पाणी गढूळ आणि गाळण्या उभारण्यास पैसा अपुरा. तेव्हा नदीच्या पात्रातच विहीर खणून वाळूतून झिरपलेले स्वच्छ पाणी वर घेण्याची युक्ती त्यांनी योजली. साधने तोकडी असली की विचार अधिक करावा लागतो, हे त्यांनी तेथे कृतीने दाखवले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पुण्यास पाटबंधाऱ्यांच्या कामावर आले. खडकवासल्याच्या धरणातून दर पावसाळ्यात पुष्कळ पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहर व कालवा दोघांनाही तूट पडे. धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे आणि जोखमीचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीला पोहोचेपर्यंत ते बंद राहत, पूर आला की पाण्याच्याच दाबाने उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. भिंतीला हात न लावता साठा वाढला. या रचनेचे एकस्व त्यांनी घेतले. मात्र सरकारी सेवेत असताना केलेल्या कामाचा मोबदला घेणे त्यांना रुचले नाही. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावरही असे दरवाजे बसले.

तथापि लोखंडी दरवाज्यांहून अवघड काम त्यांच्यापुढे नीरा कालव्यावर होते. कालव्याच्या मुखाजवळचे शेतकरी उसाला वर्षभर मनमुराद पाणी देत. त्यांच्या जमिनी चिबड होत, साचलेल्या पाण्यामुळे हिवताप पसरे आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याची ज्वारी डोळ्यांदेखत वाळे. कालवा सरकारचा, परंतु लाभ मूठभरांचा, अशी ही अवस्था होती. विश्वेश्वरय्यांनी गटवार पाणीवाटपाची पद्धत सुचवली. जमिनीचे गट पाडायचे, प्रत्येक गटास काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची. मात्र गटाच्या सुमारे एकतृतीयांश भागातच उसासारखे तहानलेले पीक घ्यायचे, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके काढायची आणि तीन वर्षांत हा क्रम फिरवायचा. तेवढ्याच पाण्यात अधिक गावे भिजावीत, हा त्यामागील हेतू होता.

शेतकऱ्यांनी प्रथम विरोध केला. मिळत असलेले पाणी कमी होणार, ही भीती स्वाभाविक होती. विश्वेश्वरय्यांनी त्यांना एकत्र बोलावून हमीच्या पाण्याचे मोल समजावले आणि पुढे ही पद्धत दख्खनच्या कालव्यांवर रूढ झाली. पाण्याचा प्रश्न जितका खडक आणि चुन्याचा, तितकाच न्यायाचाही असतो, हे नीरेच्या काठी स्पष्ट झाले. आज महाराष्ट्रात उसाखालील क्षेत्र थोडे आणि त्याने घेतलेले पाणी फार, हे चित्र पाहता तो धडा पुढे पुरतेपणी गिरवला गेला नाही, असेच म्हणावे लागते.

१९०८ साली मुंबई सरकारची सेवा सोडून ते परदेश प्रवासास गेले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीने हैदराबादेत हाहाकार माजवला. हजारो माणसे प्राणास मुकली, वस्त्या वाहून गेल्या. निजाम सरकारच्या निमंत्रणावरून १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या येथे आले. त्यांनी पर्जन्याच्या नोंदी तपासल्या आणि पाणलोट क्षेत्राचा अभ्यास केला. नदीच्या वरच्या अंगास असलेल्या शेकडो तलावांपैकी दोनशेहून अधिक तलाव त्या अतिवृष्टीत फुटले होते; एकाचे पाणी दुसऱ्यावर कोसळत गेले आणि पुराची उंची वाढली. शहराला तटबंदी घालून भागणार नाही, पाणी शहराच्या वरच अडवले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाले. पुराचा धोका उणावला आणि शहरास पिण्याचे पाणीही लाभले.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाणपदी होते. कन्नंबाडीजवळ कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. शिवसमुद्रम येथील वीजनिर्मितीला बारमाही पाणी हवे होते आणि मंड्याकडील कोरडवाहू जमीन तहानलेली होती. मद्रास सरकारने आरंभी कमी उंचीलाच संमती दिली. विश्वेश्वरय्यांनी मात्र पाया पूर्ण उंचीच्या धरणास पेलेल एवढा रुंद घातला. सिमेंटऐवजी सुरखी-चुन्यात बांधलेले, सुमारे १३० फूट उंचीचे हे धरण १९३० च्या दशकाच्या आरंभी पूर्णत्वास गेले. त्याच्या कालव्याने मंड्याकडील लाखाहून अधिक एकर जमीन ओलिताखाली आली. दिवाण असताना १९१३ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणि १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ ही शिक्षणाची कामेही त्यांच्या कारकिर्दीत झाली.

थोरांच्या चरित्राची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी पाहावी, असे मला शिक्षिका म्हणून वाटते. कृष्णराजसागराच्या पाण्याखाली जुन्या कन्नंबाडीसह अनेक गावे गेली. तेथील कुटुंबांनी घरेदारे सोडली, तेव्हा इतरांची शेते फुलली. कावेरीच्या वाटपाबाबत म्हैसूर आणि मद्रास यांच्यात १९२४ मध्ये करार झाला, तरी वाद आजतागायत धुमसत आहे. राज्यकारभारातही त्यांची प्रत्येक भूमिका सर्वांस मान्य झाली नाही. मागास समाजांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याच्या धोरणाशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले. पाण्याच्या वाटपात शेपटाकडच्या शेतकऱ्याचा कैवार घेणारी त्यांची दृष्टी या प्रश्नात तितकी दूरवर पोहोचली नाही. देशाने पुढे वेगळा मार्ग निवडला आणि त्याची फळे आपल्या वर्गांतील अनेक मुले आज चाखत आहेत.

निवृत्तीनंतरही त्यांचे लेखन आणि सल्लामसलत अखंड चालू राहिली. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. वयाची शंभरी ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी बंगळूर येथे देह ठेवला. त्यांचा जन्मदिवस आज अभियंता दिन म्हणून साजरा होतो. त्यांच्याविषयी अनेक आख्यायिका प्रचलित आहेत. परंतु त्यांच्या कार्याला आख्यायिकांचा टेकू लागत नाही. आधी मोजणे, मग विचार आणि त्यानंतरच बांधकाम, ही शिस्त त्यांनी जन्मभर पाळली.

२०२० च्या ऑक्टोबरात या शहरातील वस्त्यांत पुन्हा पाणी शिरले. जे तलाव आणि नाले ते पाणी पोटात घेऊ शकले असते, त्यांतील कित्येकांवर आज इमारती उभ्या आहेत. आपल्या शाळेतून उद्या अभियंते, वकील, नगरसेवक आणि शेतकरी घडतील. त्यांपैकी कोणासमोर एखाद्या तलावाचा नकाशा स्वाक्षरीसाठी येईल, त्या दिवशी त्यांनी पाणलोट कोठून सुरू होतो आणि पाटाच्या शेपटाशी कोण उभा आहे, एवढे तरी पाहूनच लेखणी उचलावी.