वह्या कामी आल्या

परवा माझी पुतणी आली होती. यंदा एफ.वाय.बी.ए.ला आहे. कॉलेजात जिल्ह्यातल्या एखाद्या ऐतिहासिक ठिकाणावर प्रकल्प करायला सांगितलाय. तिने नगरचा भुईकोट किल्ला निवडला. कुठवर आलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, काकू, झालासुद्धा! मोबाइलवरून वीस पानं काढून आणली होती. चाळून पाहिली. एकाच पानावर एका घटनेची दोन वेगवेगळी सालं. यातलं खरं कुठलं, आणि हे लिहिलंय कुणी, असं विचारल्यावर बाईसाहेब गप्प. नेटवर होतं, एवढंच उत्तर.

रागावले नाही. चहा ठेवला आणि त्याच किल्ल्यात बसून एका कैद्याने केलेल्या प्रकल्पाची गोष्ट तिला सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते, मैत्रिणींनो.

९ ऑगस्ट १९४२ ची पहाट. आदल्या रात्री मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला होता. उजाडायच्या आत धरपकड सुरू झाली. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि काँग्रेसच्या कार्यकारिणीतले पुढारी आपल्या नगरच्या किल्ल्यात आणले. एकूण बारा जण. त्यांतले एक पंडित जवाहरलाल नेहरू, वय ५२. तुरुंगात जायची ही त्यांची नववी आणि सगळ्यांत लांबलेली खेप. सुटका झाली १५ जून १९४५ ला, म्हणजे १०४१ दिवसांनी. त्यातले २८ मार्च १९४५ पर्यंतचे दिवस त्यांनी नगरला काढले.

नेहरू काही इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. १८८९ साली अलाहाबादच्या श्रीमंत वकिलाच्या घरी जन्म, केंब्रिजला निसर्गविज्ञानाचं शिक्षण, मग बॅरिस्टर. इतिहासाचा अभ्यास त्यांनी खरा केला तो तुरुंगात. तिथे वेळ भरपूर, पण पुस्तकांची पंचाईत. बाहेरून पुस्तकं यायची, वाचून झाली की परत जायची. जवळ ठेवता येत नसत. संदर्भाचं मोठं पुस्तक हवं तेव्हा हाताशी नसायचं. मग त्यांनी पहिल्या तुरुंगवासापासूनच एक सवय लावून घेतली. जे वाचायचं त्याची टिपणं वहीत काढायची. पुस्तक गेलं तरी वही राहायची. अशा वह्यांवर वह्या साठत गेल्या.

त्या वह्या कामी आल्या लेकीसाठी. ऑक्टोबर १९३० मध्ये, इंदिरेच्या तेराव्या वाढदिवसाला, वडील नैनीच्या तुरुंगात. भेट काय पाठवणार? पत्र पाठवलं. त्यातून पत्रांची मालिकाच सुरू झाली. सुमारे तीन वर्षांत १९६ पत्रं, आणि त्यांत साऱ्या जगाचा इतिहास! १९३४ साली त्यांचं पुस्तक निघालं, 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी'. मला त्यांचं कौतुक वाटतं ते पुस्तकाच्या जाडीचं नव्हे. प्रस्तावनेत त्यांनी सरळ कबूल करून टाकलंय की तुरुंगात चांगली संदर्भ-पुस्तकं नव्हती, म्हणून काही भाग भराभर उरकावे लागले, काही काळ तर गाळावेच लागले. एच. जी. वेल्स यांच्या इतिहासाचा आधार घेतला, तेही लपवलं नाही. एवढा मोठा माणूस, पण जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायची लाज नव्हती.

आता नगरला येऊ. किल्ल्यात आल्यावर नेहरू बागकाम करू लागले. खणताना जुन्या भिंती लागल्या, जमिनीत गाडलेल्या इमारतींचे माथे लागले. एका भिंतीवर कोरलेलं कमळ सापडलं. हा किल्ला मोगलांविरुद्ध लढवणारी चांदबीबी त्यांना आठवली. पण खोल खणायला तुरुंगवाल्यांची ना होती. मग त्यांनी कुदळ ठेवून लेखणी घेतली.

एप्रिल ते सप्टेंबर १९४४, पाच महिने. हाताने लिहिलेली सुमारे हजार पानं. तेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'. ते दिवस सोपे नव्हते. पत्नी कमला १९३६ सालीच गेल्या होत्या. जानेवारी १९४४ मध्ये बहिणीचे यजमान रणजित पंडित गेले. काश्मीरच्या इतिहासाचा संस्कृत ग्रंथ 'राजतरंगिणी' इंग्रजीत आणणारा विद्वान माणूस, तुरुंगातच त्यांची तब्येत ढासळली होती. ऑगस्टमध्ये मुंबईला इंदिरेला मुलगा झाला, राजीव. आजोबा तेव्हा नगरला कागद काळे करत बसले होते.

ग्रंथालय नव्हतं, पण अकरा सोबती होते. मौलाना आझाद अरबी-फारसीचे पंडित. आचार्य नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानाचे जाणकार. गोविंद वल्लभ पंत, असफ अली, आपले शंकरराव देव. नेहरूंना अडलं की ते यांना विचारायचे, वाद घालायचे. आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेत ही मदत त्यांनी नावानिशी नोंदवली. पुस्तक अर्पणही केलं ते किल्ल्यातल्या सोबत्यांनाच. पुढे इतिहासकारांनी त्यातली काही मतं खोडून काढली. काढू देत. पण आधार कशाचा घेतला ते सांगितलेलं असलं, तरच दुसऱ्याला तपासता येतं ना!

आपल्याकडे साने गुरुजींनी या पुस्तकाचा 'भारताचा शोध' नावाने मराठी अनुवाद केला. तालुक्याच्या वाचनालयात चौकशी करून पाहा.

पुतणीला म्हटलं, तुझ्या मोबाइलमध्ये त्यांच्या हजारपट पुस्तकं आहेत गं, पण वही कुठाय? मोबाइल वाईट नाही. पण त्यात वाचलेलं कुणी लिहिलं, कधी लिहिलं, हे बघायला नको? दोन ठिकाणी दोन सालं दिसली तर तिसरीकडे पडताळायला नको? नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं. तिथे जा, ग्रंथपालांना विचार. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, आधी तीत आपला शब्द शोध. टिपण काढलंस की शेजारी पुस्तकाचं नाव, लेखक, साल आणि पान लिही.

मैत्रिणींनो, आपण शिकलेल्या असू वा नसू, लेकरांना एक प्रश्न आपल्यालाही विचारता येतो. हे तुला कुठून कळलं?

रविवारी पुतणी परत आली. वीस पानांची सात झाली होती, पण प्रत्येक पानाच्या तळाशी पुस्तकाचं नाव होतं. एका पानाखाली मात्र लिहिलं होतं, काकूने सांगितले. मग काय, मलाच उठून पुस्तक उघडावं लागलं!