सावित्रीबाई फुले आणि गंज पेठेंतील सूतिकागृह

दर वर्षीं ३ जानेवारीस आपल्या शाळांतून सावित्रीबाई फुले यांची जयंती होते, आणि मुलींसाठीं शाळा चालविणारी थोर बाई म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. तें योग्यच आहे. परंतु त्यांच्या चरित्राचा एक भाग असा आहे कीं, त्याविषयीं सभेंत बोलण्यास लोक संकोचतात आणि दोन वाक्यांत तो आटोपून पुढें जातात. पति वारल्यावर गरोदर राहिलेल्या तरुण विधवांना त्यांनीं आपल्या घरांत बाळंत होण्यास जागा दिली, हा तो भाग होय. आज त्याचाच वृत्तांत सांगण्याचें योजिलें आहे.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ सालीं सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें झाला. १८४० सालीं पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशीं त्यांचें लग्न लागलें. अक्षरओळख त्यांस पतीपासून झाली, व शिक्षिकेचें शिक्षण त्यांनीं अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या फरारबाईंकडे व पुण्यास मिचेलबाईंकडे घेतलें. १८४८ सालीं भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण व चिखल पडे, हें वाचकांस ठाऊकच आहे. या कामापायीं उभयतांस जोतीरावांच्या वडिलांचें घर सोडावें लागलें होतें, एवढें मात्र ध्यानांत ठेवावें. राहतें घर सुटणें म्हणजे काय, हें बाई अनुभवानें जाणत होत्या.

त्या काळीं उच्च जातींत, विशेषतः ब्राह्मणांत, मुलीचें लग्न आठव्या-नवव्या वर्षीं होई. नवरा पटकीनें किंवा तापानें वारला, कीं ती पोर जन्माची विधवा. तिचे केस उतरवीत, तिला जाडेंभरडें नेसवीत, आणि घरांतील सर्व कष्ट तिच्याकडे येत. १८५६ सालीं विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. परंतु सरकारांत कायदा पास झाल्यानें घरची रीत बदलली नाहीं. ती ज्यांच्या अन्नावर जगे त्याच घरांत दीर, चुलते, येणारेजाणारे असत, आणि कोणी तिच्या वाटेस गेलें तर तिनें तोंड कोठें उघडावें? दिवस राहिले म्हणजे कोणी सुईण गाठून औषध घालीत, कोणी तिला दूरच्या क्षेत्रीं नेऊन सोडीत, आणि पुष्कळ जणी विहीर जवळ करीत. पुरुषाचें नांव कोणी विचारीत नसे. तो पूर्वीप्रमाणें पंक्तीस बसे.

१८६३ सालीं पुण्यांत जें घडलें, तें जोतीरावांनीं पुढें १८८४ सालीं सरकारास पाठविलेल्या निवेदनांत लिहून ठेविलें आहे. त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरीं काशीबाई नांवाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. ती चांगल्या कुळांतील होती. एका शास्त्र्यानें तिला फसविलें व ती गरोदर राहिली. तिनें गर्भ पाडण्याचीं औषधें घेतलीं, पण त्यांचा उपयोग झाला नाहीं. नऊ महिने भरून तिला सुंदर मुलगा झाला. लोकलाजेच्या भयानें तिनें त्याचा सुरीनें वध केला, आणि मालकाच्या घरामागील विहिरींत तें प्रेत टाकण्यांत आलें. दोन दिवसांनीं पोलिसांनीं तिला धरलें. पुण्याच्या सेशन कोर्टांत खटला चालला व तिला जन्मठेप काळें पाणी झालें.

या गोष्टीनें फुले पतिपत्नी हादरून गेलीं. काशीबाईस दोष देणारे शहरांत पुष्कळ होते. परंतु मूल जन्मण्यापूर्वीं ती ज्या दारीं जाऊं शकली असती असें एकही दार पुण्यांत नव्हतें, ही गोष्ट या उभयतांच्या मनास लागली. त्यांनीं गंज पेठेंतील आपल्याच आवारांत बालहत्या-प्रतिबंधक गृह उघडलें. त्याच्या छापील जाहिराती ब्राह्मण वस्तीच्या रस्त्यांवर कोपऱ्याकोपऱ्यास भिंतींवर डकविल्या. विधवेनें येथें येऊन गुप्तपणें व सुरक्षित बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा वाटल्यास येथेंच ठेवावें, त्याचा सांभाळ होईल, अशा आशयाचें तें आमंत्रण होतें. मदत गुप्त असावी, पण ती कोठें मिळते हें गुप्त असूं नये, हा विवेक त्यांत होता. आपल्याकडे पुष्कळदां याच्या उलट घडतें: आश्रयाचें ठिकाण कोणास ठाऊक नसतें, आणि मुलीचें नांव मात्र आठवड्याच्या बाजारीं पोंचतें.

बायांचें बाळंतपण, शेकशेगडी, न्हाऊमाखूं, रडत्या अर्भकांची उठबस, हा सर्व भार सावित्रीबाईंवर होता. त्यांस स्वतःस मूल झालेलें नव्हतें. शिवाय जातीचा विचार करा. ज्या घराण्यांत माळ्याच्या हातचें पाणी चालत नसे, त्याच घराण्यांतील या लेकीसुना रात्रीं लपतछपत माळ्याच्या घरीं येत, आणि ज्या वस्तींतून बाईंवर शेण पडलें होतें, तिच्यांतीलच मुलींचीं बाळंतपणें बाई करीत.

अशा घरानें दुराचारास उत्तेजन मिळतें, असा आक्षेप त्या काळीं होता व आजही ऐकूं येतो. त्यास काशीबाईचीच हकीकत उत्तर देते. तिच्यासाठीं असें घर नव्हतें. म्हणून शास्त्र्याचा दुराचार थांबला नाहीं, त्यांत एका खुनाची भर मात्र पडली.

आतां त्या निवेदनांतील आंकडा सांगतों. १८८४ पर्यंत पस्तीस गरोदर विधवा या घरीं येऊन बाळंत झाल्या होत्या, आणि त्यांच्या मुलांपैकीं फक्त पांच जिवंत होतीं. उरलेलीं तीस दगावलीं. पोट लपविण्यासाठीं मातांनीं आधींच घेतलेल्या विषारी औषधांनीं गर्भांतच त्यांस अपाय झाला होता, असें कारण जोतीरावांनीं दिलें आहे. वाचकहो, हा आंकडा वाचून घाईनें पुढें जाऊं नये. वीस वर्षें जिनें हें काम केलें, तिनें कितीदां न्हाऊ घातलेलें बाळ दुसऱ्या हातांनीं पुरावयास दिलें असेल! तरीही गृह बंद केलें नाहीं. भीति जिला उशीरा आणते, तिच्यापर्यंत विष आधींच पोंचलेलें असतें. म्हणूनच आजही एखाद्या खेड्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीवर असा प्रसंग आला, तर तिच्या आईनें प्रथम कोणाकडे जावें, हें गांवांतील उपदेशकास आधींच माहीत असलें पाहिजे. मूल कोणाचें याची चौकशी मागून होऊं शकते. दवाखाना मागून चालत नाहीं.

पुण्याचा हा कित्ता पुढें इतरांनींही गिरविला. १८७५ सालीं पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांनीं असेंच गृह काढिलें, आणि पुढें केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं मुक्तिसदनाजवळ वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन स्थापिलें.

गंज पेठेंतील या घरीं १८७४ च्या सुमारास आणखी एक ब्राह्मण विधवा आली. तिचेंही नांव काशीबाईच; अंदमानास गेलेली ती दुसरी. तिला मुलगा झाला. त्यास फुले पतिपत्नींनीं दत्तक घेतलें व यशवंत नांव ठेविलें. दुसऱ्याचीं मुलें आश्रमांत वाढविणारे पुष्कळ असतात, पण त्यांतील एकास आपलें नांव व वारसा देणें निराळें. जोतीरावांनीं १८८७ च्या मृत्युपत्रांत यशवंतास वारस केलें. तरी विधवेचा मुलगा म्हणून त्याच्या लग्नाचा प्रश्न सोपा नव्हता. अखेर त्यांचे स्नेही ससाणे यांनीं आपली मुलगी दिली, आणि १८८९ सालीं सत्यशोधक पद्धतीनें तें लग्न झालें.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले. टिटवें कोणीं धरावें यावरून भाऊबंदांनीं वाद घातला; दत्तकाचा हक्क त्यांस मान्य नव्हता. तेव्हां सावित्रीबाई पुढें झाल्या व टिटवें हातीं घेऊन स्वतः प्रेतयात्रेपुढें चालल्या. घरांत जन्मलेल्या त्या पोराचा अपमान चारचौघांत होऊं द्यावयाचा नाहीं, असाही त्यांच्या मनांत हेतु असावा असें मला वाटतें.

यशवंतराव पुढें डॉक्टर झाले. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगानें कहर केला, तेव्हां हडपसराजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना निघाला. मुलगा औषध देई व आई रोगी गोळा करून आणी. मुंढव्याच्या महारवाड्यांत एक मुलगा आजारी असल्याचें कळतांच सावित्रीबाईंनीं त्यास पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें. त्यांचें वय तेव्हां सहासष्ट वर्षांचें होतें. मुलगा वांचला असें सांगतात. बाईंस मात्र प्लेगाची लागण झाली, व १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या.