यंत्राआधी माणसे : डॉ. होमी भाभा



आपल्या भागात आज मोबाईल नाही असे घर क्वचितच सापडेल. इंदापूरच्या फडात ऊसतोड चालू असते आणि शेतकरी तिथेच बांधावर उभा राहून कारखान्याचा निरोप मोबाईलवर वाचतो. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टच्या शेतावर उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग झाले. माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर २००९ साली केंद्र सरकारची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली. दुष्काळ, उष्णता, खारवट जमीन यांचा पिकांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास तिथे चालतो. म्हणजे संशोधन आणि संगणक हे दोन्ही आपल्या उंबऱ्यापर्यंत आले आहेत.

तरीही दहावी-बारावीच्या निकालानंतर आमच्याकडे येणारे पालक एक गोष्ट नेहमी बोलून दाखवतात. फादर, संशोधन, प्रयोगशाळा ही आपली कामे नव्हेत, ती मोठ्या शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या मुलांची, असे त्यांचे म्हणणे असते. या म्हणण्यामागची काळजी खरी आहे. घरात पैसा थोडा असतो, मुलाला लवकर नोकरी लागावी असे वाटते. म्हणून या रविवारी आम्ही अशा एका माणसाची गोष्ट सांगत आहोत, ज्याने आपल्या देशात काहीही नसताना सुरुवात कशी करायची हे दाखवून दिले. त्यांचे नाव डॉ. होमी जहांगीर भाभा.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी घराण्यात झाला. वडील बॅरिस्टर होते, घर टाटांच्या नात्यातले. घरात पुस्तके होती, पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या. होमी चित्रे सुंदर काढीत. गरिबीचे चटके त्यांनी सोसले नव्हते हे आधीच सांगितलेले बरे. पण ज्याला पुष्कळ मिळाले त्याने त्याचे काय केले, हा प्रश्न उरतोच. थैल्यांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे.

वडिलांची इच्छा अशी की, मुलाने इंजिनियर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे. १९२७ साली होमी केंब्रिजला गेले. तिथे त्यांचे मन गणितात आणि भौतिकशास्त्रात रमले. त्यांनी तसे वडिलांना कळवले. वडील रागावले नाहीत, पण त्यांनी अट घातली : आधी इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणिताचा खर्च मी करतो. १९३० साली होमींनी ती अट पुरी केली आणि वडिलांनी आपला शब्द पाळला. पालकांनो, या घरातला हा व्यवहार लक्षात ठेवण्यासारखा आहे. बापाने मुलाची आवड मोडली नाही आणि मुलाने बापाची काळजी झिडकारली नाही.

पुढे विश्वकिरणांवरील संशोधनामुळे भाभांचे नाव युरोपात झाले. १९३९ साली ते सुट्टीसाठी भारतात आले असताना दुसरे महायुद्ध पेटले आणि परतीचा रस्ता बंद झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर सी. व्ही. रामन यांच्या विभागात ते काम करू लागले. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. युद्ध संपल्यावर परत जाऊन ते सुखाने राहू शकले असते. पण त्यांनी इथेच राहायचे ठरवले.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले. पत्राचा आशय असा होता की, मूलभूत संशोधनाची शाळा आपल्या देशात आताच उभी केली, तर पुढे अणुशक्तीचे काम सुरू होईल तेव्हा तज्ज्ञ परदेशातून आणावे लागणार नाहीत. तेव्हा स्वातंत्र्यही मिळाले नव्हते आणि अणुबाँबचे नाव जगाला ठाऊक नव्हते. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या एका बंगल्यात आली. आज कुलाब्याला समुद्रकाठी दिसणारी तिची भव्य इमारत पुष्कळ नंतरची, १९६२ सालची.

भाभांची कामाची रीत वेगळी होती. आधी इमारत बांधायची, खुर्च्या मांडायच्या आणि मग त्या भरायला माणसे शोधायची, असे ते करीत नसत. आधी योग्य माणूस शोधायचा आणि मग त्याच्याभोवती काम वाढू द्यायचे, ही त्यांची पद्धत. संगणकाच्या बाबतीतही तेच झाले.

त्या काळी अणूविषयीचे हिशेब हाताने किंवा दांडा फिरवायच्या गणकयंत्रावर करावे लागत. एकेका गणिताला महिने लागत. परदेशात विद्युत संगणक तयार झाले होते. भारतात पहिला संगणक आणला तो कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने, १९५५ साली, इंग्लंडहून विकत घेऊन. भाभांच्या संस्थेने दुसरी वाट धरली. संगणक स्वतः बांधायचा! १९५४ साली अमेरिकेत गणिताची डॉक्टरेट घेतलेले तरुण डॉ. आर. नरसिंहन संस्थेत आले आणि त्यांच्याभोवती तरुणांचा एक लहान गट जमला. मार्गदर्शनाला होते परदेशी विद्यापीठांनी छापलेले अहवाल, आणि बाकी सगळी मेहनत.

त्यांनी एकदम मोठ्या यंत्राला हात घातला नाही. आधी एक लहान, नमुन्याचे यंत्र बांधले. ते १९५६ साली चालू झाले. त्यावर चुकत-शिकत मग मोठे यंत्र हाती घेतले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओत तापून लाल होणारे व्हॉल्व्ह आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असतील, तशाच या. प्रत्येक नळी म्हणजे चालू-बंद होणारे एक बटण समजा. चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. संगणकाची सगळी भाषा या दोनच अक्षरांची. १९६० साली ते यंत्र कामाला लागले आणि १९६२ साली पंतप्रधान नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्याच्या स्मरणात चाळीस अक्षरी शब्द २,०४८ इतकेच मावत. आज आपण मोबाईलवर पाठवतो त्या एका साध्या फोटोलाही याहून कितीतरी जास्त जागा लागते.

आता या गोष्टीतला कठीण प्रश्न. टिफ्रॅक चालू झाला त्या दिवशीच तो जुना झाला होता. जगात निर्वात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरने घ्यायला सुरुवात केली होती. १९६४ साली संस्थेने अमेरिकेहून सीडीसी ३६०० नावाचा कितीतरी वेगवान संगणक आणला आणि थोड्याच काळात टिफ्रॅक बंद झाला. मग पाच-सहा वर्षांची मेहनत फुकट गेली का? गरीब देशाने हा खर्च का करावा? सरळ विकत घेतले असते तर?

हा प्रश्न आजही विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. पण सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांनी आम्हाला एक गोष्ट शिकवली. लाकडात पेटण्याची शक्ती असते, पण ते आपोआप पेटत नाही. आधी पेटलेले काहीतरी त्याला भिडावे लागते. ज्ञानाचेही तसेच आहे. यंत्र जहाजाने आणता येते, पण यंत्राची समज जहाजातून उतरत नाही. ती एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाते. ज्यांनी टिफ्रॅकचा एकेक सांधा जोडला होता, त्यांना संगणक आतून ठाऊक झाला. सीडीसी आला तेव्हा त्याच्यापुढे ते नुसते हात जोडून उभे राहिले नाहीत. देशभरातल्या विद्यापीठांतले संशोधक आपली गणिते घेऊन कुलाब्याला येऊ लागले आणि तिथून शिकून परत गेले. यंत्र भंगारात गेले, पण माणसे तयार झाली.

संत थॉमस यांचे नाव निघाले म्हणून आणखी एक सांगतो. त्याच सुमारास इटलीतले येशूसंघीय धर्मगुरू फादर रोबेर्तो बुसा संत थॉमस यांच्या लिखाणातील लाखो शब्दांची सूची तयार करायला निघाले होते. १९४९ साली त्यांनी न्यूयॉर्कला जाऊन आयबीएम कंपनीची मदत मिळवली आणि छिद्रे पाडलेल्या कार्डांवर ते काम सुरू केले. ते पुरे व्हायला तीस वर्षे लागली. संगणकाने शब्द हाताळता येतात हे जगाला दाखवणाऱ्यांत ते अगदी पहिले. मुंबईचे पारशी शास्त्रज्ञ आणि इटलीचे धर्मगुरू, दोघांपुढेही तयार वाट नव्हती.

भाभा देवमाणूस होते असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्याच संस्थेत गोव्यात जन्मलेले थोर गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी काम करीत. ते पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जात. अणुऊर्जेपेक्षा सूर्याच्या ऊर्जेकडे देशाने लक्ष द्यावे, हे त्यांचे मत. त्यांचे आणि भाभांचे जमले नाही आणि १९६२ साली कोसंबींची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. माणसे निवडण्यात एवढा पारखी असलेला मनुष्य वेगळ्या मताच्या माणसाला सांभाळू शकला नाही. आज आपल्या शिवारात सौरपंप पाहताना कोसंबींची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

पण भाभांच्या मनाचा दुसरा कोपराही होता. इमारतीच्या आड येणारी झाडे ते तोडू देत नसत, मुळासकट उचलून दुसरीकडे लावून घेत. नव्या चित्रकारांची चित्रे विकत घेऊन त्यांनी संस्थेच्या भिंती सजवल्या. त्यांनी लग्न केले नाही. संस्था हाच त्यांचा संसार होता.

देशात इलेक्ट्रॉनिक्सचा उद्योग कसा उभा करावा हे ठरवण्यासाठी १९६३ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीचे काम संपत आले होते. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला सभेसाठी जात असताना त्यांचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातील ११७ जणांपैकी एकही वाचला नाही. भाभा ५६ वर्षांचे होते.

काम मात्र थांबले नाही, कारण ते माणसांवर उभे होते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आपल्याकडे कसे येते ते आपण जाणतो. नुसते धरण बांधून भागत नाही. कालवा, फाटे, चाऱ्या, शेवटी शेतातला पाट, असे जाळे लागते. संगणकांचेही तसेच जाळे करावे लागते. टाटा संस्थेच्या संगणक गटातूनच पुढे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघाले. १९८६-८७ च्या सुमारास त्या केंद्राने आणि पवईच्या आयआयटीने टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना ई-मेल पाठवले. देशातल्या संशोधन संस्थांना जोडणाऱ्या जाळ्याची ती सुरुवात होती. सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

आणि आपल्या पुणे जिल्ह्यातच पाहा. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा संस्थेची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. भाभांनी परदेशातून बोलावून घेतलेल्या डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या कित्येक मैलांत पसरल्या आहेत. प्रत्येक तबकडी आकाशातून येणारा क्षीण संदेश झेलते, तो काचेच्या तंतूतून मध्यवर्ती केंद्रात जातो आणि तिथे संगणक त्या सर्वांचे एक चित्र करतात. तीस कान, पण ऐकणे एकच. बारामती-इंदापूरहून शाळेची सहल तिथे सहज जाऊ शकते.

बंधुभगिनींनो, आपल्यापुढचा प्रश्न भाभांच्यापुढे होता तोच आहे, फक्त आकाराने लहान. मुलाच्या हातात मोबाईल देणे सोपे आहे, ती खरेदी झाली. तो मोबाईल आतून कसा चालतो हे जाणून घ्यायची भूक त्याच्यात पेटवणे हे बांधकाम आहे. त्याला वेळ लागतो, आणि आधी पेटलेला माणूस लागतो. आपल्या धर्मग्रामात इंजिनियर आहेत, शिक्षक आहेत, कारखान्यात यंत्रे सांभाळणारे आहेत. सुट्टीच्या दिवशी एखाद्या मुलाला, आणि मुलीलाही, जवळ बसवून जुना रेडिओ किंवा बंद पडलेला संगणक उघडून दाखवायला पैसा लागत नाही. सुरुवात एवढी लहान असली तरी चालेल.

आणि ज्या घरी मुलगी विज्ञानाला जायचे म्हणते आहे, त्या घरच्या आईवडिलांनी नाही म्हणण्यापूर्वी भाभांच्या वडिलांसारखी एखादी अट घालावी. ती अट तिने पुरी केली, तर मग आपणही आपला शब्द पाळावा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.