गार्सिया द ओर्ता

गार्सिया द ओर्ता (जन्म: अंदाजे इ.स. १५०१, कास्तेलो दे व्हिदे, पोर्तुगाल, मृत्यू: इ.स. १५६८, गोवा) हे सोळाव्या शतकातील पोर्तुगीज वैद्य, वनौषधींचे अभ्यासक आणि लेखक होते. आयुष्याची अखेरची सुमारे ३४ वर्षे त्यांनी भारतात, मुख्यतः गोव्यात व्यतीत केली. इ.स. १५६३मध्ये गोव्यात छापलेला त्यांचा पोर्तुगीज भाषेतील संवादग्रंथ हा भारतातील औषधी वनस्पती, मसाले व फळे यांविषयी एका युरोपीय लेखकाने प्रत्यक्ष निरीक्षणातून लिहिलेल्या आरंभीच्या छापील ग्रंथांपैकी एक मानला जातो. घरामागील बाग, स्वयंपाकघर, बाजार आणि स्थानिक वैद्य यांच्याकडून मिळणाऱ्या ज्ञानाला त्यांनी प्राचीन ग्रंथांच्या बरोबरीचे, प्रसंगी त्यांहून वरचे स्थान दिले.

पार्श्वभूमी आणि शिक्षण

ओर्ता यांचे आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी होते. इ.स. १४९२मध्ये स्पेनमधून यहुद्यांची हकालपट्टी झाल्यावर ते पोर्तुगालमध्ये आले. तेथेही इ.स. १४९७मध्ये यहुद्यांचे सक्तीने धर्मांतर करण्यात आले. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हटले जाई आणि ती गुप्तपणे जुना धर्म पाळतात, असा संशय त्यांच्यावर कायम राही. या संशयाची छाया ओर्ता यांच्या जीवनावर अखेरपर्यंत राहिली.

ओर्ता यांनी सालामांका व आल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत शिक्षण घेतले. इ.स. १५२३मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी प्रथम जन्मगावी व नंतर लिस्बनमध्ये वैद्यकी केली. लिस्बनच्या विद्यापीठात त्यांनी अध्यापनही केले. त्या काळी युरोपात डायोस्कोरिडीज, गेलन अशा प्राचीन ग्रीक आचार्यांचे आणि अरब वैद्यांचे ग्रंथ प्रमाण मानले जात. या ग्रंथांत वर्णिलेली अनेक पौर्वात्य औषधे वैद्यांनी केवळ सुक्या मुळ्या, साली व राळ यांच्या रूपात पाहिलेली असत. मूळ झाड कसे दिसते, हे फारच थोड्यांना ठाऊक असे.

भारतात आगमन

मार्च १५३४मध्ये मार्तिम आफोन्सो द सोझा या पोर्तुगीज सरदाराच्या ताफ्यासोबत त्याचे वैद्य म्हणून ओर्ता लिस्बनहून निघाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोव्यास पोहोचले. आरंभीची काही वर्षे ते सोझा यांच्यासोबत पश्चिम किनाऱ्यावरील मोहिमांत होते. त्यानंतर गोवा शहरात, म्हणजे आजच्या जुने गोवे येथे, ते स्थायिक झाले. तेथे त्यांनी वैद्यकीबरोबर व्यापारही केला.

अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशाह (पहिला) याच्याशी त्यांचे स्नेहाचे संबंध होते. त्याच्या उपचारांसाठी ते अहमदनगरला जात. तेथील दरबारातील हकिमांशी त्यांची चर्चा होई. अरबी ग्रंथांत आलेली औषधांची नावे आणि दख्खनच्या बाजारात प्रत्यक्ष विकली जाणारी द्रव्ये यांचा मेळ घालण्यास त्यांना या चर्चांचा उपयोग झाला.

गोव्यातील बाग आणि मुंबईचे बेट

गोव्यातील आपल्या घराच्या बागेत ओर्ता यांनी औषधी वनस्पती लावल्या होत्या. त्यांच्या ग्रंथात आंतोनिया नावाची दासी वारंवार येते. चर्चा चालू असताना ती बागेतून वा बाजारातून एखादी फांदी, फळ किंवा मूळ आणून समोर ठेवते आणि मग वाद ग्रंथाच्या आधारे न मिटता वस्तू पाहून मिटतो. ग्रंथात मालूपा नावाचे एक हिंदू वैद्यही येतात. झाडे ओळखणे, त्यांची स्थानिक नावे आणि घरगुती उपयोग यांबाबत ओर्ता अशा व्यक्तींवर किती अवलंबून होते, हे या प्रसंगांवरून दिसते. मात्र ग्रंथावर नाव फक्त त्यांचेच आहे.

इ.स. १५५४च्या सुमारास पोर्तुगीज शासनाने मुंबईचे बेट त्यांना वार्षिक खंडाने दिले. तेथे त्यांचा वाडा व बाग होती. या बेटावरील त्यांच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येई: एकदा नाताळच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा नेहमीच्या हंगामात, मे महिन्याच्या अखेरीस. त्यांच्या वाड्याच्या जागी पुढे इंग्रजांनी बॉम्बे कॅसल हा किल्ला उभारला. ही जागा आज भारतीय नौदलाच्या आय.एन.एस. आंग्रे या तळाच्या आवारात येते.

संवादग्रंथ

भारतातील साध्या व औषधी द्रव्यांविषयीचे संवाद अशा आशयाचे शीर्षक असलेला हा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी जुआंव द एंदेम या मुद्रकाने गोव्यात छापून पूर्ण केला. त्यापूर्वी अवघी सात वर्षे, म्हणजे इ.स. १५५६मध्ये, गोव्यात छापखाना आला होता. ग्रंथात छपाईच्या चुका पुष्कळ असून त्यांचे लांबलचक शुद्धिपत्र जोडलेले आहे. पोर्तुगीज महाकवी लुईश द कामोंइश यांची छापून प्रसिद्ध झालेली पहिली कविता याच ग्रंथात आहे.

ओर्ता यांनी विद्वानांची लॅटिन भाषा न वापरता पोर्तुगीज निवडली. ग्रंथात ५०हून अधिक संवाद आहेत. ते स्वतः ओर्ता आणि स्पेनहून नुकतेच आलेले रुआनो नावाचे काल्पनिक वैद्य यांच्यात घडतात. रुआनो ग्रंथांतील मते मांडतात, तर ओर्ता पाहिलेले, चाखलेले व रुग्णांवर वापरलेले सांगतात. दोन्ही पात्रांत लेखकाचेच अंश आहेत. रुआनो म्हणजे भारतात येण्यापूर्वीचे ओर्ता, असेही म्हणता येते.

वर्णिलेल्या वनस्पती

मराठी व कोंकणी घरांत आजही परिचित असलेली अनेक झाडे या ग्रंथात आढळतात. कोरफड, वेखंड, आले, हळद, चिंच, बोर, फणस, नारळ, निर्गुडी, कडुनिंब, बहावा, बिब्बा आणि विड्याचे पान ही त्यांपैकी काही होत. कोकमासाठी ओर्ता यांनी वापरलेला पोर्तुगीज शब्द कोंकणीतील भिरंड या शब्दावरून आलेला आहे. हिरडा, बेहडा व आवळा ही एकाच झाडाची नव्हे, तर निरनिराळ्या झाडांची फळे असल्याचे त्यांनी स्पष्ट केले.

पारिजातकाची फुले रात्री उमलून पहाटे गळतात आणि त्यांच्या केशरी देठांचा अन्नाला रंग देण्यासाठी उपयोग होतो, अशी नोंद त्यांनी केली आहे. कडुनिंबाचा पाला वाटून लिंबाच्या रसात मिसळून घोड्यांच्या जखमांवर लावण्याचा उपाय ते सांगतात. अतिसार व आव यांवरील स्थानिक वैद्यांच्या औषधांना त्यांनी विशेष महत्त्व दिले. युरोपीय पद्धतीने गुण न आल्यास आपण स्थानिक उपायांकडे वळतो, असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे.

वनस्पतींचे धोकेही त्यांनी नोंदवले. धोतरा खाऊ घालून लोकांना बेशुद्ध वा भ्रमिष्ट करण्याचे व त्यांची चोरी करण्याचे प्रकार त्यांना ठाऊक होते आणि अशा विषबाधेच्या रुग्णावर त्यांनी उपचारही केले होते. पटकीचे त्यांनी केलेले वर्णन युरोपीय वैद्यकीय साहित्यातील या रोगाच्या आरंभीच्या वर्णनांत गणले जाते. या रोगाचे त्यांनी दिलेले स्थानिक नाव मराठीतील मोडशी या शब्दाशी जुळते.

ओर्ता यांची सर्व मते पुढे टिकली नाहीत. काळी व पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींवर येतात, हा त्यांचा समज चुकीचा होता. दोन्ही एकाच वेलीच्या फळांपासून तयार होतात. औषधांचे उष्ण, शीत असे गुण ठरवताना ते गेलनच्या जुन्या चौकटीतच विचार करत. संस्कृत वैद्यकग्रंथ त्यांना वाचता येत नव्हते. त्यामुळे त्या परंपरेची त्यांची ओळख तोंडी माहितीपुरती मर्यादित राहिली.

धर्मन्यायालय आणि अखेरची वर्षे

ओर्ता यांच्या बहिणींना पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशन) इ.स. १५४७मध्ये अटक केली होती. सुटकेनंतर त्या गोव्यात ओर्ता यांच्याकडे आल्या. मात्र इ.स. १५६०मध्ये गोव्यातही धर्मन्यायालय स्थापन झाले. ग्रंथाचे लेखन व मुद्रण या भयाच्या छायेतच पार पडले. सरदार, व्हाइसरॉय व इतर उच्चपदस्थ यांच्याशी असलेल्या संबंधांमुळे ओर्ता हयातीत सुरक्षित राहिले. इ.स. १५६८मध्ये गोव्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर कुटुंबावरील कारवाईस वेग आला. त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जिवंत जाळण्यात आले. ओर्ता यांच्यावरही मरणोत्तर दोषारोप ठेवण्यात आले. इ.स. १५८०मध्ये त्यांच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या.

प्रभाव आणि स्मृती

ओर्ता यांच्या ग्रंथाची एक प्रत फ्लेमिश वनस्पतीशास्त्रज्ञ कारोलस क्लुसियस यांना लिस्बनमध्ये मिळाली. त्यांनी तिचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद इ.स. १५६७मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध केला. संवादांचे रूप त्यात गळाले आणि आंतोनिया व मालूपा यांच्यासारखी पात्रेही गेली; परंतु त्यामुळेच ही माहिती युरोपभर पोहोचली. क्रिस्तोबाल आकोस्ता यांनी इ.स. १५७८मध्ये लिहिलेला स्पॅनिश ग्रंथ मोठ्या प्रमाणात ओर्ता यांच्या लेखनावर आधारलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिकाल्यूचे काउंट यांनी मूळ ग्रंथाची टीपांसह आवृत्ती सिद्ध केली. तिच्या आधारे क्लेमेंट्स मार्कहॅम यांचा इंग्रजी अनुवाद इ.स. १९१३मध्ये निघाला.

पणजी येथील चर्चजवळच्या महापालिका उद्यानाला ओर्ता यांचे नाव देण्यात आले आहे. पोर्तुगालमधील अल्मादा येथील एक रुग्णालयही त्यांच्या नावाने ओळखले जाते. गोव्यात त्यांची समाधी वा थडगे उरलेले नाही.