कॉर्बेटची हलकी रायफल

बीजीएमआय खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक भांडण ठरलेलं असतं. कार ९८ भारी की एडब्ल्यूएम? तुमच्याही हॉस्टेलवर झालं असेल. मी हे भांडण सुट्टीत वडगाव रासाईला, मामाच्या ओट्यावर ऐकलं. पण तिथे ते गेमपुरतं नव्हतं.

शिरूर तालुक्यातलं, भीमेकाठचं हे गाव. नजर जाईल तिकडे ऊस, आणि बिबट्याला लपायला उसाइतकी चांगली जागा दुसरी नाही. शेतीची वीज रात्री आली की दारं धरायला रात्रीच जावं लागतं. हातात बॅटरी, काठी आणि पोटात गोळा. शिरूर, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यात बिबट्याने माणसं नेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या आहेत. त्यामुळे मामेभाऊ आणि त्याचे मित्र मोबाईलवर रायफलींचे व्हिडिओ बघत होते, त्याला मला हसता आलं नाही. लायसन मिळालं तर इछापूरची ३१५ बोर घ्यायची, की अजून थोडे पैसे साठवून ३०-०६? दुर्बीण लावायची का? बजेट किती?

कायदा आधीच सांगून टाकते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि बिबट्या त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो माणसाच्या जिवावर उठला, तरी त्याला मारण्याचा आदेश राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. म्हणजे ओट्यावरची सगळी चर्चा थिअरीच होती. पण बेताच्या पैशात कोणती रायफल, हा प्रश्न तुमच्या-माझ्या पणजोबांच्या काळातला आहे. त्या काळातला एक माणूस तुम्हाला नावाने नक्की माहीत आहे, भले नॅशनल पार्कमुळे असेल. जिम कॉर्बेट.

गोरा साहेब, म्हणजे घरात पैशाच्या राशी असं वाटतं ना? तसं नव्हतं. जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. घरात पोरांची गर्दी, आणि जिम लहान असतानाच वडील गेले. आईने आणि मोठ्या भावंडांनी घर ओढलं. थंडीत सगळं बिऱ्हाड डोंगराखाली कालाढुंगीला यायचं आणि हा पोरगा जंगलात पळायचा. आधी गलोल, मग धनुष्य. पहिली बंदूक मिळाली ती ठासणीची दुनळी, कुणीतरी दिलेली. तिची एक नळी फुटलेली होती आणि मोडका दस्ता पितळी तारेने बांधलेला होता. दोनातली एकच नळी चालणार, आणि दारू-छऱ्यांना पैसे लागणार. त्यामुळे बार वाया घालवायचा नाही, ही सवय त्याला खेळण्याच्या वयातच लागली.

पुढे शाळेच्या कॅडेट कंपनीतून त्याला सरकारी मार्टिनी-हेन्री वापरायला मिळाली. एका वेळी एकच गोळी, आणि खांद्याला धक्का असा की मोठी माणसंही कुरकुरायची. पहिला बिबट्या त्याने याच रायफलने मारला. ती त्याच्या मालकीची नव्हती, उसनी होती.

शिक्षण पुढे झेपलं नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी तो बिहारमध्ये रेल्वेत इंधन निरीक्षक म्हणून लागला, पगार महिना १०० रुपये. नंतर मोकामा घाटावर गंगा ओलांडणाऱ्या मालाच्या चढ-उताराचं कंत्राट घेतलं आणि त्यात वीसेक वर्षं काढली. मजुरांबरोबर तो स्वतः कोळसा उपसायचा. शिकार व्हायची ती सुट्टीत. पार्टटाइमच म्हणा.

आता थोडं टेक्निकल. तेव्हा वाघामागे जाणाऱ्या श्रीमंताची पसंती दुनळी रायफलला असायची. दोन चाप, दोन गोळ्या, एकीमागे एक लगेच. पण दोन्ही नळ्यांचा नेम एकाच जागी आणायचा तर कारागिराला हाताने पुन्हा पुन्हा जुळवत बसावं लागतं. म्हणून ती महाग आणि वजनाला जड. दुसरा मार्ग जर्मनीच्या पॉल माउझरने सोपा केला. त्याचा बोल्ट म्हणजे आपल्या दाराची कडी समजा. वर उचलून मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलून खाली दाबली की नवं काडतूस नळीत जातं आणि दार बंद. हा सांगाडा कारखान्यात तयार व्हायचा. लंडनच्या रिग्बीसारख्या कंपन्या त्यावर आपली नळी आणि दस्ता चढवून विकायच्या. म्हणजे जंगलखात्यातल्या, रेल्वेतल्या नोकरदारालाही चांगली रायफल आवाक्यात आली. (तुमची लाडकी कार ९८ याच माउझरच्या १८९८ च्या घराण्यातली.) तोटा एकच. दुसऱ्या गोळीआधी हात हलवावा लागतो, आणि वाघ तेवढी सवड देईलच असं नाही.

१९०७ मध्ये कॉर्बेट चंपावतच्या वाघिणीमागे गेला. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून तिच्या नावावर ४३६ बळी होते. जाण्याआधी त्याने दोन अटी घातल्या. तिच्यावरचं सरकारी बक्षीस मागे घ्या आणि बाकी शिकाऱ्यांना परत बोलवा. बक्षिसासाठी मारणारा म्हणून त्याला ओळख नको होती. हाकाऱ्याला सुमारे तीनशे गावकरी होते. कॉर्बेटकडे पॉइंट ५०० ची दुनळी होती आणि काडतुसं मोजून तीन. दोन वेळा बार काढायची संधी मिळेल, तिसरं अडीअडचणीला, असा हिशेब. तिन्ही संपली आणि जखमी वाघीण समोर. मग तो धावत तहसीलदाराकडे गेला आणि त्याची बंदूक घेतली. ती इतकी खिळखिळी की नळी आणि मागचा भाग यांत फट दिसत होती. गोळी नेम धरला तिथे लागलीच नाही, पंजाला लागली. वाघीण आधीच्या दोन गोळ्यांनीच संपत आली होती, म्हणून निभावलं. तीनशे माणसं घेऊन जाताना तीनच काडतुसं? माझ्या मते हा शुद्ध आगाऊपणा होता. त्यानेही ही फजिती पुढे पुस्तकात लपवली नाही.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला रायफल भेट दिली. रिग्बीची पॉइंट २७५, माउझर बोल्ट, दस्त्यावर चांदीची पट्टी. नरभक्षकामागे निघालेल्या माणसाच्या हातात कुणाला ही छोटीच वाटली असती. काडतूस ७ मिलिमीटरचं, तेव्हाच्या वाघाच्या रायफलींपुढे किरकोळ. कॉर्बेटकडे पुढे पॉइंट ४५०/४०० ची जड दुनळीही होती आणि कित्येक वाघ त्याने तिनेच मारले. पण दिवसचे दिवस डोंगर चढायचा, तर खांद्यावर हलकी रायफल बरी.

तिचा खरा हिशेब एप्रिल १९३० मध्ये झाला. चौगढची वाघीण, ६४ बळी. कॉर्बेट ५४ वर्षांचा. एका ओढ्यातून खाली उतरताना त्याला रातव्याची दोन अंडी दिसली. पक्ष्यांच्या अंड्यांचा नाद होताच, ती त्याने उचलून डाव्या तळव्यात धरली. मोठ्या खडकाला वळसा घालून पुढे आला, मान वळवली, तर वाघीण आठ फुटांवर, त्याच्याकडे बघत बसलेली. रायफल उजव्या हातात, तोंड भलतीकडे. झटका दिला असता तर तिने झेप घेतली असती. म्हणून त्याने एकाच हाताने, अगदी सावकाश, रायफल पाऊण वळणातून फिरवत तिच्यापर्यंत आणली आणि चाप ओढला. दुसरी गोळी घालायची वेळच आली नाही.

ही गोष्ट वाचताना मला पुन्हा पुन्हा ते वजनच दिसतं. जड दुनळी असती तर एका हाताने इतकी हळू फिरवता आली असती का? ती दुसरी गोळी, जिच्यासाठी लोक एवढे पैसे मोजायचे, तिथे निरुपयोगी होती. अंड्यांनी डावा हात अडकलेला होता, त्यामुळे दोन्ही हातांनी रायफल खांद्याला लावायचा मोहही झाला नाही. स्वतः कॉर्बेटनेही आपल्या वाचण्याचं श्रेय अंड्यांना आणि हलक्या रायफलला दिलं. नंतर तो ती अंडी घरट्यात ठेवून आला. अर्ध्या तासाने पाहिलं तर रातवा त्यावर येऊन बसलेला होता.

मामेभावाला मात्र मी दुसरीच गोष्ट सांगितली, रुद्रप्रयागच्या बिबट्याची. कारण ती उसातल्या भीतीच्या जवळची आहे. १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षं त्या एका बिबट्याने गढवालला रात्री घरात कोंडलं. सरकारी नोंदीत १२५ बळी. तिथे परवान्याच्या ४,००० बंदुका होत्या. सरकारने त्यासाठी आणखी ३०० खास परवाने दिले. रजेवर घरी येणाऱ्या गढवाली सैनिकांना रायफली सोबत न्यायला सांगितलं. बक्षीस १०,००० रुपये आणि वर दोन गावं. सापळे लागले, विष घातलं. बिबट्या तसाच. कॉर्बेटलाही तो लगेच मिळाला नाही. १९२५ मध्ये त्याने रुद्रप्रयागच्या पुलाच्या मनोऱ्यावर २० रात्री काढल्या आणि रिकाम्या हाताने परत गेला. पुढच्या वर्षी, मे महिन्याच्या सुरुवातीला, गोलाबराईच्या आंब्यावर बसून हीच पॉइंट २७५ आणि एक टॉर्च घेऊन त्याने तो मारला. बार झाला आणि टॉर्चही गेला. खाली बिबट्या मेलाय की जिवंत आहे, हे बघायला त्याला उजाडायची वाट बघावी लागली.

कॉर्बेट संत नव्हता, हेही सांगायला हवं. पोवळगढचा प्रसिद्ध मोठा वाघ त्याने १९३० मध्ये मारला, त्या वाघाने कुणा माणसाला खाल्लं नव्हतं. आणि तो ज्या कुमाऊँनी लोकांवर जीव लावायचा, त्यांना बंदुकीसाठी १८७८ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मागावा लागायचा. गोऱ्या माणसाला त्यातून सूट होती.

पण त्याच काळात त्याच्या हातात कॅमेरा येत होता. वाघ झाडाआडून टिपायला तो तासन् तास बसायचा. १९३६ मध्ये कुमाऊँच्या पायथ्याशी हेली नॅशनल पार्क झालं, त्यामागे तो होता. १९३८ मध्ये ठाकच्या नरभक्षकावर बार काढला, तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. १९४४ मध्ये ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ आलं आणि जगभर गेलं. १९४७ च्या अखेरीस तो बहीण मॅगीबरोबर केनियाला गेला आणि १९ एप्रिल १९५५ ला न्येरी इथे वारला. दोन वर्षांनी पार्कला त्याचं नाव मिळालं. रायफल त्याने आपल्या प्रकाशकाकडे दिली होती. २०१५ मध्ये ती फिरून रिग्बीकडेच आली. चांदीची पट्टी अजून जागेवर आहे.

ओट्यावर ही गोष्ट संपली तेव्हा बजेटचा विषय मागे पडला होता. भावाने एवढंच विचारलं, की त्या वीस रात्री थंडीत त्याने घातलं काय असेल. मग वीज आली. मामा आणि तो मोटर चालू करायला निघाले. मामाकडे बॅटरी आणि काठी, भावाच्या खिशात मोबाईल. वस्ती संपून ऊस सुरू झाला तशी त्याने गाणी मोठ्याने लावली, ती मला ओट्यावर बराच वेळ ऐकू येत राहिली.