रेघेखालची धाव

१९३४ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमवर स्त्रियांच्या जागतिक क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. आठशे मीटरच्या शर्यतीत चेकोस्लोव्हाकियाच्या एका वीस वर्षांच्या धावपटूने २ मिनिटे १२.४ सेकंदांत अंतर कापले. स्वीडनची मेर्टा व्रेटमन दुसरी आली, इंग्लंडची ग्लॅडिस लन तिसरी. सहा वर्षांपूर्वी अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये लीना राडकेने हेच अंतर २ मिनिटे १६.८ सेकंदांत तोडले होते. एवढी लांब शर्यत बायकांना झेपत नाही, असे ठरवून ऑलिंपिकवाल्यांनी ती नंतर १९६० पर्यंत बंदच ठेवली. अशा काळातला हा विश्वविक्रम. प्रागमध्ये त्याचे केवढे कौतुक झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

विजेत्याचे नाव फलकावर लागले ते झ्देन्का कोउबकोव्हा असे. दीडएक वर्षाने तीच व्यक्ती झ्देनेक कोउबेक झाली. चेक भाषेत बाईच्या आडनावाला ‘ओव्हा’ जोडतात, पुरुषाच्या नावाला जोडत नाहीत. शिवाय चेक क्रियापद आपल्या मराठीसारखेच चुगलखोर आहे. इंग्रजीत नुसते धावणे सांगता येते. आपल्याला धावला की धावली हे आधी ठरवावे लागते. चेक वार्ताहरांचीही तीच पंचाईत. मी या लेखात कोउबेकांना आदरार्थी पुरुषवाचक रूप वापरतो, कारण पुढची पन्नास वर्षे ते त्याच नावाने जगले.

कोउबेक ८ डिसेंबर १९१३ रोजी मोराव्हियातल्या पास्कोव्ह या गावी जन्मले. जन्माची नोंद मुलगी म्हणून झाली. मोठे कुटुंब, बेताची परिस्थिती, बालपण ब्रनो शहरात गेले. तिथेच मैदानाची ओढ लागली आणि पुढे प्रागला येऊन ते राष्ट्रीय पातळीवर पोचले. लंडनला त्यांनी लांब उडीतही पदक मिळवले. लीडा मेर्लीनोव्हा या चेक लेखिकेने १९३५ मध्ये त्यांच्यावर बेतलेली कादंबरी लिहिली. मीही कादंबऱ्या लिहिल्या आहेत, त्यामुळे या लेखिकेची मला गंमत वाटते आणि दयाही येते. पुस्तकाची शाई वाळते न वाळते तोच तिची नायिका नायक झाली होती!

१९३५ संपता संपता कोउबेकांनी स्त्रियांच्या स्पर्धांना रामराम ठोकला आणि यापुढे आपण पुरुष म्हणून जगणार असे जाहीर केले. पुढे शस्त्रक्रिया झाली, कागदपत्रे बदलली. शरीराची जन्मजात घडण वेगळी असणे आणि मनाने स्वतःला वेगळे ओळखणे या दोन गोष्टींत त्या वेळची वृत्तपत्रे फरक करत नसत. दोन्हींसाठी मथळा एकच, लिंगबदल.

आणि तो मथळा जगभर गेला. आज आपण समजू की त्या काळच्या जुनाट समाजाने त्यांच्यावर दगड उचलले असतील. प्रत्यक्षात तसे दिसत नाही. बातम्यांत सवंगपणा भरपूर होता, मुलगी असतानाचे आणि मुलगा झाल्यावरचे फोटो शेजारी शेजारी छापले जात होते. पण एकंदर सूर नवलाचा होता. डॉक्टरांना विचारून शास्त्रीय खुलासे दिले जात होते. १९३६ मध्ये इंग्लंडचे गोळाफेकपटू मार्क वेस्टन यांची अशीच बातमी आली. पूर्वी ते मेरी या नावाने राष्ट्रीय विजेते होते. लंडनच्या चेरिंग क्रॉस इस्पितळात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्याच वर्षी त्यांनी लग्न केले. लोकांनी तेही वाचले आणि पान उलटले.

कोउबेकांची आत्मकथा प्रागच्या एका साप्ताहिकात क्रमशः आली. १९३६ मध्ये त्यांना न्यूयॉर्कचे बोलावणे आले. तिथल्या फ्रेंच कॅसिनोत, सरकत्या पट्ट्यावर, प्रेक्षकांसमोर ते धावले. विश्वविक्रम करणारे पाय, पण एक इंचही पुढे जायचे नाही. पोटासाठी माणूस काय काय करतो! पण हेही खरे की लोक तिकीट काढून बघायला आले, हुसकावून लावायला नव्हे.

घाबरले ते पदाधिकारी. अमेरिकन ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांनी कोउबेक आणि वेस्टन यांच्यासारख्या प्रकरणांकडे बोट दाखवून स्त्री खेळाडूंच्या वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरला. १९३६ च्या ऑगस्टमध्ये, हिटलरच्या बर्लिनमध्ये ऑलिंपिक भरले असतानाच, अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने नियम केला, की कोणी हरकत घेतली तर त्या खेळाडूची शारीरिक तपासणी व्हावी. यातली विसंगती पाहा. ज्या दोघांमुळे नियम झाला ते दोघेही स्त्रियांच्या स्पर्धांतून आपणहून बाहेर पडलेले होते. कोउबेक पुरुष म्हणून स्त्रियांच्या शर्यतीत उतरायला कधीच आले नव्हते. नियमाचा जाच झाला तो मागे राहिलेल्या बायकांना.

तो आजवर होतो आहे. १९६६ मध्ये बुडापेस्टला स्त्री खेळाडूंना डॉक्टरांपुढे विवस्त्र उभे केले गेले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून गुणसूत्रांची चाचणी आली, ती १९९९ मध्ये बंद झाली. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनने आठशे मीटरमध्येच रौप्यपदक मिळवले. तपासणीनंतर ते काढून घेतले गेले आणि अवघ्या देशासमोर तिच्या शरीराची चर्चा झाली. २०२५ मध्ये जागतिक संघटनेने पुन्हा जनुकीय चाचणी सक्तीची केली. स्पर्धा न्याय्य असावी हा मुद्दा खोटा नाही. लंडनला दुसऱ्या आलेल्या व्रेटमनचाही काही हक्क होताच. पण न्यायासाठी केलेला नियम कुणाची लाज घेऊन राबवायचा, हा प्रश्न नव्वद वर्षांत कुठल्याच समितीने नीट सोडवलेला नाही.

कोउबेकांचा विक्रम रद्द झाला. बँकेत नोकरीला लागलो तेव्हा पहिला धडा मिळाला तो खाडाखोडीचा. लेजरमधली नोंद चुकली तर खरवडायची नाही, शाईही लावायची नाही. खालचे वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. रक्कम चुकली असेल, पण ती लिहिली गेली होती, हे नाकारायचे नसते. क्रीडा संघटनेला हा धडा कोणी दिला नसावा. विक्रम कुणाच्या नावे लावायचा हा त्यांचा अधिकार. पण त्या दुपारी कोणी तरी २ मिनिटे १२.४ सेकंदांत धावले होते, हे घड्याळाने पाहिले होते.

कोउबेक न्यूयॉर्कहून परतले. १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये आल्या आणि जगाला वेगळ्या बातम्या मिळाल्या. एका खेळाडूचे कुतूहल कोणाला उरणार? त्या विस्मरणाचा त्यांना फायदाच झाला असेल, असे मला वाटते. त्यांनी लग्न केले, संसार केला. महायुद्धानंतर भावाबरोबर ते एका स्थानिक संघातून रग्बी खेळत. ना विक्रम, ना फोटोवाले. चिखलात लोळायचे, हरायचे, जिंकायचे आणि घरी जायचे.

१२ जून १९८६ रोजी प्रागमध्ये ते वारले. वय ७२. जन्माच्या दाखल्यावर एक नाव, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरे, आणि दोन्हींच्या मधल्या त्या धावेवर एक रेघ. जुन्या विक्रमांच्या याद्या धुंडाळणारे मात्र अजूनही तो आकडा नोंदवतात आणि पुढे रद्द असे लिहितात. निदान खालचे वाचता येते.