दादासाहेब, संकरित बियाणे आणि सातबारा

कर्मवीर दादासाहेब गायकवाड म्हटले की काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. २ मार्च १९३० ला सुरू झालेला तो लढा नाशकात त्यांनी वर्षानुवर्षे तगवला. परंतु दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी १५ ऑक्टोबर १९०२ रोजी जन्मलेल्या या माणसाची खरी झुंज जमिनीसाठी होती, असे आमचे मत आहे. देवळाचे दार उघडो वा न उघडो, पोट शेतावर होते. आणि शेत दुसऱ्याचे होते.

बाबासाहेबांच्या हयातीतच, १९५३ मध्ये, मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. धुरा दादासाहेबांकडे होती. आमचे धावडा, सारा भोकरदन तालुका, तेव्हा हैदराबाद राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९५९ मध्ये दादासाहेब लोकसभेचे खासदार असतानाही पुन्हा सत्याग्रहात उतरले. मग ६ डिसेंबर १९६४ पासून देशव्यापी लढा झाला. कसणाऱ्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनाला, धान्याचे भाव आवाक्यात, किमान वेतन अशा मागण्यांसाठी तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. बायाबापड्या लेकरे काखेत घेऊन गेल्या.

आता योगायोग पाहा. त्याच १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी देशात प्रसारित झाली आणि त्याच साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन झाली. एकीकडे उत्पन्न वाढवणारे वाण येत होते, दुसरीकडे ते पेरायला जमीन मागणारे तुरुंगात होते! नव्या वाणाला खत लागते, पाणी लागते, त्यासाठी कर्ज लागते आणि कर्जाला सातबारा. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही त्याच्यासाठी हरितक्रांती म्हणजे दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी. पीक सुधारले, सालगडी सालगडीच राहिला.

आज जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखला जातो. पण संकरित कपाशीचे बी तयार होते कसे? एकेका कळीतले पुंकेसर हाताने काढायचे, दुसऱ्या दिवशी तिच्यावर दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. हे क्रॉसिंगचे काम मुख्यतः मजूर बायाच करतात. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकरी म्हणजे जमीन कसणारा, देखरेखीखाली कसून घेणारा, किंवा पारंपरिक वाण जपणारा व सुधारणारा. रोजंदारीवरची ही बाई त्यात बसवणे वकील म्हणून आम्हालाही जड जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी धान निवडून काढले, ते तुटपुंजी का होईना, पेरायला जमीन होती म्हणून. प्रतिभा आपल्या वस्तीत कधीच कमी नव्हती.

दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ रोजी गेले. पुढे मराठवाड्यातील गायरान कसणाऱ्यांच्या रेट्यामुळे शासनाला १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घ्यावा लागला. २०११ च्या जगपालसिंग निकालाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. मात्र भूमिहीन मजूर वा अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने पट्टा दिला असेल, तर अपवादाला जागा ठेवली. नोटीस आली की हा अपवाद आधी वाचा. १९९० पूर्वीच्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, जुन्या पीकपाहणीचे उतारे ट्रंकेत असतील तर शोधून ठेवा.